मामाचा उलटा हत्ती

बुद्धिबळात हरण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत तेवढे सगळे माझ्या मामाने अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या टापूत स्वतः हरून दाखवले आहेत. मालाडला तो चाल खेळून घड्याळ दाबायला विसरला आणि समोरचा एवढा वेळ काय विचार करतोय म्हणून त्याच्याकडे कीव करत बघत बसला. स्वतःचा वेळ संपला तेव्हा कीव पण संपली. घाटकोपरला चहा पिऊन परतताना शेजारच्याच पटावर बसला आणि एक अप्रतिम चाल खेळला. फक्त तो डाव दुसऱ्याचा होता. हे सगळं पाचव्या राऊंडनंतर. पहिल्या चार राऊंडमध्ये मामाच्या वाटेला जाऊ नये, भल्याभल्यांना त्याने रडवलंय. मग दुपार होते, पोटात जेवण नसतं, आणि वाघाची मांजर होते.

मामा दहिसरला चाळीत राहतो आणि लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. सहा दिवस लोकांच्या टॉवरच्या लिफ्टा चालू करायच्या आणि रविवारी सात राऊंडची एक दिवसाची स्पर्धा खेळायची, असं त्याचं पंधरा-वीस वर्षं चाललंय. "मोटर तापली की मी लिफ्ट बंद करून पाटी लावतो. डोकं तापलं की कोण पाटी लावतो सांग?" असं तो विचारतो, आणि उत्तराची वाट बघत नाही. देवाने डोक्याला दिवसाचा कोटा ठरवून दिलाय अशी त्याची पक्की समजूत आहे. त्यामुळे शनिवारपासून मामा विचार वाचवायला लागतो. बाजारात मामीने "गवार घेऊ की भेंडी?" विचारलं की हा दोन्ही हात वर करून म्हणतो, "माका विचारू नको गो, उद्या मॅच आसा." एकदा शेजाऱ्यांनी गावच्या घराच्या वाटणीचं विचारलं तर म्हणाला, सोमवारी या. रविवारी सकाळी जी चप्पल पायात येईल ती घालतो, म्हणून बोरिवलीच्या एका हॉलमध्ये त्याचा एक पाय तपकिरी आणि एक काळा होता. मामी म्हणते, "वाचवतायत डोकं! वाचवून वाचवून नेऊन कुठे घालतात, तर सहाव्या राऊंडला!"

शिवाय रताळी. उकडलेली सात रताळी, राऊंडला एक, डब्यात नाही तर शर्टाच्या आणि पँटच्या खिशांत, कारण डबा उघडायला हॉलमध्ये जागाच नसते. आणि एक चुकांची वही. त्यात तो प्रत्येक पराभव एका ओळीत लिहितो. "सहावा राऊंड. घोडा फुकट. कारण: पंखा बंद." "सातवा राऊंड. राजा चुकीच्या बाजूला नेला. कारण: भाषण." भाषण म्हणजे प्रमुख पाहुण्यांचं. आता या आयोजकांबद्दल मी गोड बोलावं अशी अपेक्षा असेल तर इथेच वाचणं थांबवा. शाळेचा हॉल एका दिवसासाठी मिळतो, म्हणून सकाळी नऊला सुरू करून संध्याकाळपर्यंत सात राऊंड कोंबायचे. जेवणाची सुट्टी नाही. दोनशे माणसांना एक संडास. एक राऊंड संपला की भिंतीवर पुढच्या जोड्यांचा कागद लागतो आणि माणसं त्याच्यावर तुटून पडतात. आणि डाव ऐन रंगात असताना कोणीतरी साहेब माईक हातात घेऊन बुद्धिबळाने एकाग्रता वाढते यावर पंधरा मिनिटं बोलतात! एकाग्र झालेल्या दोनशे माणसांच्या कानात! मी रस्त्यांसाठी, पाण्यासाठी पत्रकं लिहिणारी पोरगी, निगरगट्ट लोक खूप बघितलेत. पण स्टेजवर सात जणांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा बॅनर लावून खाली खेळाडूला प्यायला पाणी न ठेवणारे मी इथेच बघितले.

तर गोष्ट मुलुंडची. मामाचं रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा जागतिक आकडा, चौदाशेच्या काठावर आलं होतं. चौदाशेच्या खाली घसरलं की जगाच्या यादीतून नावच जातं, खेळाडू पुन्हा कोराच होतो. मामाला आयुष्यात बढती मिळालेली नाही, चाळीचा टॉवर होणार होणार म्हणता झाला नाही, पण त्या यादीत जगातल्या मोठमोठ्या लोकांच्या कितीतरी खाली त्याचं नाव होतं, आणि ते मोबाईलवर काढून तो लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांनासुद्धा सुटका झाल्या झाल्या दाखवायचा. मुलुंडला सहा राऊंड झाल्यावर त्याने हिशेब केला की सातव्यात निदान अर्धा गुण हवा, बरोबरी तरी. मला त्याने मुद्दाम बोलावलं होतं. "सातव्या राऊंडला कोणीतरी ओळखीचं दिसायला हवं गो, नाहीतर मीच मला ओळखत नाही."

मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी होते. मामासमोर कॉलेजातली एक पोरगी होती, शांत, चष्मा लावलेली. आणि मामा जिंकत होता! त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वजीर करायचा की दोन चालींत मात. पण वजीर कुठाय? मामाचा आधी मेलेला वजीर शेजारच्या पटावरच्या गृहस्थांनी पाच मिनिटांपूर्वी उचलून नेला होता, कारण त्यांनाही हवा होता आणि जादा वजीर आयोजकांनी ठेवलेच नव्हते. अशा वेळी घड्याळ थांबवून हात वर करायचा, पंचांकडे वजीर मागायचा, हा नियम. हा नियम मामाने अर्ध्या दहिसरला शिकवलाय. आणि त्याच मामाने बाजूला पडलेला मेलेला हत्ती उचलला आणि उलटा करून पटावर ठेवला. आमच्या चाळीत असंच खेळतात. प्रत्येक घरचा संच अपुरा, म्हणून उलटा हत्ती म्हणजे वजीर. थकलेलं डोकं नंतर शिकलेलं सगळं टाकून देतं आणि लहानपणी शिकलेलं तेवढं धरून बसतं, हे मी त्या क्षणी डोळ्यांनी बघितलं. त्याने शह दिला, पोरीने राजा हलवला, आणि मामाने आपला वजीर तिरका नेऊन मात केली. चेहऱ्यावर काय तेज होतं!

पोरीने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले.

"काका, हा हत्ती आहे. तिरका कसा नेलात?"

"उलटा ठेवलाय ना? वजीर आहे."

"नियमात उलटा-सुलटा नसतं. हत्ती तो हत्तीच. आणि त्याला हात लावलाय, आता तोच हलवा."

मामाने पटाकडे बघितलं. त्याला सगळं आठवलं, ते मला लांबून दिसलं. त्याने हत्ती सुलटा केला आणि हलवला. पोरीचं प्यादं पुढच्याच चालीला शेवटच्या घरात गेलं, तिने हात वर केला, आणि पंचांनी रिकाम्या झालेल्या पटावरून तिला एक वजीर आणून दिला. त्या वजिराने तिने डाव जिंकला.

मी आयोजकाला गाठलं. "सात चेहऱ्यांचा बॅनर आहे, जादा वजीर एक नाही?" तो म्हणाला, "मॅडम, नियम वाचून यायचं असतं." मी अजून बोलले असते, पण मामाने दंड धरला. "चल गो. पोरीचं बरोबर होतं." बसस्टॉपवर म्हणाला, "हात माझाच होता. डोकं खंय होतं काय म्हायत."

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. दुपारी पाऊण तास सुट्टी, दिवसाला पाचच राऊंड, भाषण डाव संपल्यावर, टेबलाटेबलावर जादा वजीर. मामाने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मागण्या झकास. पण वर 'अन्याय' लिहिलंयस ते खोड. चूक झाली, अन्याय नाही."

"मामा, चूक त्यांनी करायला लावली रे!"

"लावली असेल. म्हणून ती त्यांची झाली काय? अख्ख्या हॉलमध्ये तेवढी एकच वस्तू माझी होती. ती पण त्यांना देऊन टाकू?"

मी खोडलं. माझ्या आयुष्यात पत्रकातला शब्द कोणाच्या सांगण्यावरून मी पहिल्यांदा खोडला. मग सह्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवला. वर बावीस जणांच्या सह्या होत्या. मामाने सावकाश नाव लिहिलं, राहणार दहिसर लिहिलं, आणि तिसऱ्या रकान्याशी थांबला. रेटिंग. नवी यादी दोनच दिवसांपूर्वी आली होती, मामाच्या नावाशिवाय. तो रकाना मीच आखला होता, खेळाडूंची ताकद दिसावी म्हणून, मोठ्या हुशारीने.

"इथे काय लिहू गो?" त्याने विचारलं.

मामाने थोडा वेळ पेन धरून ठेवलं, मग रकान्यात एक छोटी आडवी रेघ ओढली, आणि तिच्यापुढे, वळणदार अक्षरात, सही केली.