कपाळावरची माती

त्या वर्षी मी तालमीतल्या मारुतीशी बोलणंच टाकलं होतं. पेठेतल्या आमच्या तालमीत मी लहानपणापासून लाल मातीत वाढलो. माती उकरायची, तिच्यात हळद, ताक, तेल घालायचं, चिमूटभर कपाळाला लावायची आणि मगच समोरच्याला हात घालायचा. मातीत मला पुण्यात सहसा कुणी चीत केलं नाही. पण आमच्या गटाचं राज्य अजिंक्यपद आता गादीवर, म्हणजे मॅटवर, ठरत होतं. गादीवर पाऊल टाकलं की सवयीनं हात खाली जायचा, बोटांना माती लागायची नाही आणि माझं मन तिथंच हरायचं. लागोपाठ दोन अंतिम कुस्त्या अशाच गेल्या. मारुती मातीत राहतो, गादीवर येत नाही, अशी माझी खात्रीच झाली. वस्तादांना तसं बोललो, तर म्हणाले, "का? मारुतीला प्रवेश नाही असा फलक लावलाय तिथं?"

यंदाही हरलो तर लंगोट खुंटीला टांगायचा आणि खडकीच्या कारखान्यातली नोकरी निमूट करायची, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. खुराकाचे बदाम मात्र तिनं नेहमीसारखेच भिजत घातले.

अंतिम कुस्तीला वस्ताद तापानं पडलेले, म्हणून मी एकटाच गेलो. शेजारच्या बाकावर माझा प्रतिस्पर्धी, सांगलीकडचा पैलवान, बसला होता. तेवढ्यात धोतर नेसलेले, पैलवानी मोडक्या कानांचे एक म्हातारबाबा आले. उपरण्याची गाठ सोडून त्यांनी लाल माती काढली, आधी त्याच्या कपाळाला लावली, मग माझ्या. मी गडबडलो. म्हणालो, "अहो बाबा, मी तुमच्या पैलवानाशीच लढणार आहे."

"ठावं हाय. पायाखाली न्हाई म्हणून माती रुसती व्हय? जा, लढ." पंचांनी कुरकुर करू नये म्हणून जास्तीची माती त्यांनी उपरण्यानं पुसूनही टाकली.

गादीवर हात खाली गेला, तो मी कपाळाला लावला. एकदम शांत वाटलं. जिंकणं-हरणं मारुती बघेल, आपण लढावं. एका गुणानं मागे होतो, पण शेवटी एकेरी पट लागला, एक पाय ओढताच समोरचा खाली आला आणि मी जिंकलो. मला रडू आवरेना.

जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या वस्तादांच्या पाया पडायचं, ही आमची रीत. मी त्या पैलवानाला विचारलं, "तुमचे वस्ताद कुठं गेले?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "आमचं? आमचं वस्ताद गावाकडं हाईत. मला वाटलं, ते तुमचं!" आम्ही दोघांनी मिळून सगळं मैदान पालथं घातलं, बाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेलो. ते कुठंच नव्हते.

ते कोण होते, मला माहीत नाही. असतील कुणी जुने पैलवान. घरी येऊन वस्तादांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "नमस्कार केलास?"

"राहिला."

"मग आता जन्मभर शोध."

आता मी निवृत्त आहे. कुस्त्या असल्या की रुमालाच्या गाठीत तालमीची माती बांधून नेतो आणि लढतीआधी दोघांच्याही कपाळाला लावतो. कोण जिंकणार ते माझ्या हातात नाही, याचं केवढं सुख आहे! परवा एका पंचांनी हटकलंच, "अहो काका, आपण यातल्या नक्की कुणाचे?"

"दोघांचाही," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांचा राहिलेला नमस्कार त्या घडीला पोचला.