निखाऱ्यावरचा रबान

माझी मुलगी एका बँडमध्ये ड्रम वाजवते. कुठे शिकलीस, असं कोणी विचारलं की ती शाळेच्या बँडचं सांगते. पण ताल तिला त्याच्या बऱ्याच आधी मिळाला होता. तिची आजी, म्हणजे माझी सिंहली सासू, अम्मा, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या स्वयंपाकघरात नारळ खवताना गायची आणि ही ओट्याखाली बसून डबे बडवायची.

माझे आजेसासरे श्रीलंकेत नाटक कंपनीत पेटी वाजवत. त्यांचे गुरू मुंबईकडून तिकडे गेलेले. त्यामुळे अम्मांची नाटकातली गाणी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शब्द एकही कळला नाही, पण पुढची तान कुठे वळणार ते कळलं. नागपूरला आमच्या घरी नाट्यसंगीताशिवाय रविवार उजाडत नसे.

"आमचं संगीत तुमच्याकडून चोरलेलं," नवरा म्हणतो.

"चोरलं आणि सुधारलं," अम्मा म्हणतात.

रबान मात्र अस्सल त्यांचा. बैठ्या टेबलाएवढा, कातड्याने मढवलेला, बुटक्या पायांवर ठेवलेला ढोल. सिंहली नववर्षाला बायका त्याच्याभोवती गोल बसून गात गात तो वाजवतात. अम्मांच्या आईचा रबान आमच्याकडे होता, पण गॅरेजच्या ओलीत राहून सैल पडलेला. यंदा अम्मा कायमच्या गावी परत निघाल्या होत्या. मुलीला रबान हवा होता. अम्मांनी साफ सांगितलं, "नववर्षाला वाजला तर तुझा. नाही वाजला तर मी घेऊन जाते. मुक्या रबानाचं तू काय करणार?"

कातडं ताणायला रबान निखाऱ्यांवर शेकतात. आमची शेगडी गॅसची, निखारे आणायचे कुठून? म्हणून मी नववर्षाच्या आदल्या दिवशी त्यावर हेअर ड्रायर चालवला. अम्मांनी थाप मारली, खोक्यासारखा आवाज आला. "दुवे, केस छान सेट झाले," त्या म्हणाल्या. दुवे म्हणजे मुली. एरवी मायेने म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये सगळे सिंहली लोक जमले, पण कोळशाची ग्रिल शेजारच्या मराठी पिकनिकवाल्यांनी धरलेली. एक काका चिमटा घेऊन उभे होते.

"काका, थोडा वेळ ग्रिल मिळेल का? भाजायचंय."

"मिळेल की. काय आणलंय?"

"ढोल."

त्यांनी माझ्यामागे रबान घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "कातडं कसलं?"

"बकऱ्याचं."

"थांबा, थांबा! आधी आमचं पनीर काढू द्या."

मी आणि नवऱ्याने रबान पालथा धरला. अम्मा खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. वर घ्या, फिरवा, एका जागी धरू नका. मी भाकरी फिरवावी तसा फिरवत होते. काकूही येऊन उभ्या राहिल्या. "जरा तिरका धरा, कडेला आच लागत नाहीये," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी रबान पाहिला नव्हता, पण सूचना बरोबर होती.

मुलगी सारखी नखं खात होती.

मग अम्मांनी हात वर केला. रबान गवतावर ठेवला. त्या बसल्या आणि मधोमध एक थाप मारली. लांबच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तो आवाज कानांपेक्षा पोटात जास्त ऐकू आला.

"येस!" मुलगी किंचाळली आणि बुटांसकटच गोलात बसायला निघाली.

"बूट," अम्मा म्हणाल्या.

तिने बूट भिरकावले. बायका भोवती बसल्या आणि गाणं सुरू झालं. मुलीने उत्साहात मध्येच ड्रमसेटवरचा एक तुकडा घातला. अम्मांनी तिच्या मनगटावर चापट मारली.

"आच्ची, दॅट वॉज गुड!" ती आजीला म्हणाली.

"चांगलंच होतं. पण आता सगळ्यांचं चाललंय."

काकू थोडा वेळ उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मग मुलीशेजारी मांडी घालून बसल्या. काका पनीर घेऊन आले, तर त्यांना ते ठेवायला जागा सापडेना.

पार्कमधून निघताना अम्मांनी फर्मान काढलं: रबान गॅरेजमध्ये जाणार नाही, दमट असतं, दिवाणखान्यात खिडकीजवळ ठेवायचा. तिथे सोफा आहे, असं मी म्हटलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

सोफा मी त्याच आठवड्यात देऊन टाकला.