चुलीची धग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. आता तुम्हाला का सांगते आहे — मला माहीत नाही.

सोलापुरात माझा कडक भाकरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, ओळीनं चुली आणि भाकरी थापणाऱ्या बायका. मी चौथी शिकलेली, पण मालकीण मीच.

कोरोनाची बंदी सैल होऊ लागली तेव्हा एक साहेब येऊन नियम सांगून गेला. दारातच ताप बघायचा. ताप असेल तिला घरी पाठवायचं, मजुरी न कापता. खिडक्या उघड्या ठेवायच्या. खिडक्यांचा नियम पहिल्याच दिवशी मोडला — वाऱ्यानं जाळ हलतो, भाकरी एका अंगानं करपते. पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. मला सांगायचं ते वेगळंच.

कपाळावर धरायचं यंत्र माझ्याच हातात असे. चुलीपुढून उठलेल्या बाईचं कपाळ तापलेलंच दाखवायचं. म्हणून मी ठरवलं, जाळापुढं बसायच्या आधी बघायचं. नियम माझाच — आणि बरोबर होता.

एका सकाळी महादेवी सगळ्यांच्या मागून आली. दारात यंत्र लावलं, ताप निघाला. पदरही खोचला नव्हता तिनं अजून.

"अक्का, रातीपासनं कणकण हाय. जाऊ का घरी?"

"जा की. भाकरी थापायला तुजी सासू येणार हाय व्हय?"

"सासूला थापता आली असती तर मी कशाला आले असते हितं?"

हसली, आणि आत गेली. मी जाऊ दिलं. थोड्या वेळानं तिच्या चुलीपाशी जाऊन सगळ्यांदेखत पुन्हा यंत्र लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "धग हाय गं चुलीची. काय न्हाय झालं."

ऑर्डर मोठी होती का? होती. पण उशीर झाला असता तर दुकानदार कुरकुरला असता, एवढंच.

तिच्या शेजारच्या चुलीवर सुगलाबाई बसायची. पुढच्या आठवड्यात दोघीही आजारी पडल्या. महादेवी उठली. सुगलाबाई गेली.

बायकांनी मला विचारलं — अक्का, दारात ताप दिसला नव्हता का? मी म्हणाले, नव्हता. ताप उतरायची गोळी घेऊन आली असेल. मला कुठं काय बोलली?

गोळीचं मला कसं सुचलं? इतकं पटकन?

महादेवी बरी होऊन कामावर आली तेव्हा तिच्याजवळ कुणी बसेना. ती म्हणाली, "मी अक्काला सांगितलं हुतं की." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पीठ चाळत राहिले. मग तिनं चप्पल घातली आणि गेली. तिला दुसऱ्या कुठल्या शेडमध्येही कुणी घेतलं नाही. गोळीची गोष्ट तिच्या आधी तिथं पोचली होती.

सुगलाबाईची सून आता माझ्याकडं भाकरी थापते. आम्ही दोघी बाजारात जातो. समोरून महादेवी आली की सून तोंड फिरवते.

मीही फिरवते.