आम्ही डोंगर बंद केला

आमचं गाव वाटीच्या तळाशी आहे असं मी वर्गात सांगते, आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "मग मॅडम, पाऊस आला की ते भरत नाही का?" नाही भरत. वाटीला पूर्वेकडं फट आहे. सगळ्या डोंगरांचं पाणी ओढ्यात उतरतं आणि ओढा त्या खिंडीतून बाहेर पडतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत मी वीस वर्षं भूगोल शिकवतेय. पाणलोट, खोरं, जलविभाजक हे शब्द रोज फळ्यावर लिहून लिहून मला त्यांचा थोडा माजच चढला होता म्हणा ना.

डोंगर तसे फार उंच नाहीत. सह्याद्री बघितलेला माणूस हसेल. हिवर, खैर, कडुलिंब, मध्ये सीताफळीची झुडपं, असं वनखात्याचं रान. डोंगराच्या पायाशी मुरमाड माळ, त्याच्या खाली हलक्या, उथळ मातीचं बरड आणि ओढ्याकाठी काळी जमीन. आमचं शेत बरडावर, म्हणजे ना धड वर ना धड खाली. वडील ते कसायचे. मेंढरं त्यांच्या धाकट्या भावाकडं, म्हणजे आमच्या तात्यांकडं. शे-सव्वाशेचा कळप होता.

सुट्टी लागली की मी तात्यांच्या मागं डोंगरावर. ते मला मधेच थांबवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. "पाय कुटं वडतोय सांग. वडतो तितं उतार." पुढं कॉलेजात समोच्च रेषा आल्या तेव्हा सगळ्या वर्गाचं डोकं दुखलं, मला मात्र त्या पहिल्याच दिवशी कळल्या. सरांनी शाबासकी दिली. हे कुणाकडून शिकले ते मी त्यांना सांगितलं नाही, मेंढरांमागं फिरण्याची तेव्हा लाज वाटायची.

दहा-बारा वर्षांपूर्वी लागोपाठ दोन वर्षं विहिरी तळाला गेल्या आणि गावात टँकर सुरू झाले. गाव जागं झालं, डोंगरावर चर खणायचं ठरलं. गावची शिकलेली लेक म्हणून मला ग्रामसभेत बोलावलं. मी रात्रीचा दिवस करून खोऱ्याचा भलामोठा नकाशा काढला. ओढे निळे, डोंगर तपकिरी, पाणी कुठून कुठं जातं त्याचे बाण. नकाशा भिंतीला लावून मी सांगितलं, "डोंगर उघडा पडलाय म्हणून पाणी पळून जातंय. गवत राखलं तर पाणी राहील. पाच वर्षं डोंगरावर एकही खूर पडता कामा नये."

तात्या मागच्या रांगेत होते. ते उभे राहिले. "समदे डोंगर का म्हून बंद? एक झाका, एक उघडा ठिवा. पाळीपाळीनं. आन् मेंढरं वर गेली न्हाईत तर डोंगराचं गवत रानात आणणार कोण?"

लोक हसले. मला वाटलं, तात्या आपल्या कळपापुरतं बोलतायत. मी म्हणाले, "तात्या, गवत खाली आणायचंच नाही. ते वरच ठेवायचंय." टाळ्या पडल्या. खरं सांगते, त्या टाळ्या मला गोड लागल्या. तात्या खाली बसले आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनीही हात वर केला.

उंटावरून शेळ्या हाकणारे जगात पुष्कळ असतात. मी उंटावरून सख्ख्या चुलत्याची मेंढरं हाकलली. तात्यांनी एक हंगाम परमुलखात कळप फिरवला, दमले आणि सगळी मेंढरं विकून टाकली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. भांडले असते तर फार बरं झालं असतं.

मी त्यांना आग्रहानं सोलापूरला आणलं. पंधरा दिवस कसेबसे राहिले. एकदा ते वेळेवर घरी आले नाहीत म्हणून मी शोधायला गेले, तर सात रस्त्याच्या कडेला दिसले. पाण्याचा एक टँकर गळत होता आणि तात्या त्या ओघळाच्या मागं मागं निघाले होते. मला बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या ह्या गावाला उतार हाय की! मला वाटलं सपाटच हाय." दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी परत गेले.

डोंगर हिरवा झाला, हे कबूल केलंच पाहिजे. पवन्या आणि मारवेल गवत कमरेएवढं वाढलं, विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले. तेवढं माझं चुकलं नव्हतं. मग काळ्या रानात ऊस आला आणि हंगामात ट्रॅक्टर श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या वाटेला लागले. ज्वारीवाल्यांनी हात वर करून राखलेलं पाणी उसानं पिऊन टाकलं, पण तो राग वेगळा आहे.

बरडावर मात्र उलटंच घडत होतं. शेत आता माझा धाकटा भाऊ बघतो. तो दर दिवाळीला कुरकुर करायचा, ज्वारी वाढत नाही, दुप्पट खत टाकलं तरी कणीस भरत नाही. एका सुट्टीत मी त्याच्याबरोबर रानात गेले आणि ढेकूळ हातात घेतलं. ते फुटेना. लहानपणी याच रानातली माती बोटांतून सांडायची.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मेंढरं दिवसभर डोंगरावर चरायची आणि रात्री कुणाच्या ना कुणाच्या रानात बसवली जायची. उन्हाळ्यात तर लोक तात्यांच्या दारात येऊन पाळी लावायचे, आधी माझ्या रानात बसवा म्हणून. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरायचं. पाणी आमची माती खिंडीतून बाहेर नेत होतं आणि मेंढरं रोज थोडा थोडा डोंगर खाली रानात आणत होती. माझ्या नकाशात सगळे बाण पाण्याचे होते. तात्यांनी भर सभेत विचारलेला प्रश्न हाच होता, आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. मला माझीच चीड आली.

पाच वर्षांची मुदत कधीच सरली होती, पण बंदी तशीच चालू होती. मागच्या वर्षी मी पुन्हा ग्रामसभेत उभी राहिले. "माझं चुकलं. तात्या म्हणत होते तसं करायला हवं होतं." वनखात्याच्या लोकांशी बोलणं झालं आणि डोंगर पाळीपाळीनं उघडायचं ठरलं, आधी उत्तरेचा. मी धावत घरी जाऊन तात्यांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पर आता कुणाची मेंढरं सोडायची?"

"तुमी परत घ्या की तात्या. पैसे मी देते."

"गुडगं कोण देतंय?" ते हसत म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. च्या पी."

शेवटी शेजारच्या तालुक्यातला एक मेंढपाळ कळप घेऊन आला. त्याला डोंगर नवा. वाट दाखवायला तात्या निघाले, मीही बरोबर गेले. सकाळचं ऊन होतं. माळ चढेपर्यंत तात्या तीनदा थांबले, पण वर पोचल्यावर त्यांची मान ताठ झाली. कळप चुकून कड्याच्या बाजूला वळत होता. तात्या पुढं झाले आणि जीभ टाळ्याला लावून त्यांनी तो लांब, घुमणारा आवाज काढला. मी तो कित्येक वर्षांनी ऐकत होते. पूर्वी त्या आवाजासरशी अख्खा कळप जागच्या जागी वळायचा.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही. तात्यांनी पुन्हा आवाज दिला, थोडा हळू. मेंढरं चरत पुढंच जात राहिली. मग त्यांच्या मालकानं मागून नुसती शीळ घातली आणि सगळी वळली.

तात्या वाटेतून बाजूला झाले आणि कळपाला जाऊ दिलं. "परकी हायत," ते मला म्हणाले. "मला कशी वळखतील?"