गणपतीमागचं रडार

ताशी चाळीसच्या पुढे गेली की आमची गाडी थरथरायची, म्हणून माझ्या मेहुण्यानं तिच्यासाठी अमेरिकेहून रडार डिटेक्टर आणला.

"पोलिसांचं रडार जवळ आलं की हे चिरकतं," तो म्हणाला, "की लगेच वेग कमी करायचा." दोन हजार तीन-चारचा सुमार. नाशिकच्या हवालदाराकडे तेव्हा रडार नव्हतं, शिट्टी होती, हे त्याला कोण सांगणार! (मी सांगू शकलो असतो. पण फुकटात आलेली फॉरेनची वस्तू नको म्हणण्याइतका मी शहाणा कधीच नव्हतो.)

"चिरकतं? म्हणजे रडतं म्हणून रडार का?" अण्णांनी विचारलं. माझे वडील असल्या शंका अत्यंत गंभीरपणे विचारतात.

आता ते बसवायचं कुठं? मी काचेला चिकटवलं, तर अण्णा म्हणाले, "समोरचं दिसत नाही." (गाडी मी चालवतो. अण्णा मागे बसतात.) आरशाखाली लावावं, तर तिथं लिंबू-मिरची. उन्हाच्या झडपेला अडकवलं, तर बायको कडाडली, "माझा आरसा तिथं आहे!" डॅशबोर्डच्या मधोमध गणपती होता, त्याला हलवायची कुणाची छाती? शेवटी मी ते गणपतीच्या मागे, काचेकडे तोंड करून चिकटवलं. पुढून फक्त एक बारीकसा लाल दिवा दिसायचा. सुंदर! प्रभावळच जणू!

दुसऱ्याच दिवशी दिंडोरी रस्त्यावर चाचणी घेतली. वाटेत तीन हवालदार लागले, यंत्र ढिम्म. चिरकलं ते एका वायनरीसमोर. तिथलं काचेचं दार माणूस आला की आपोआप उघडायचं, आणि त्या दाराच्या डोळ्यातून निघणाऱ्या लहरींना आमचं यंत्र पोलीस समजत होतं.

त्याच रविवारी आम्ही दिंडोरीला वंदीच्या होणाऱ्या सासरचं घर बघायला निघालो. वंदी माझी धाकटी बहीण. द्राक्षबागायतदाराचा तो मुलगा तिला मनापासून आवडला होता. अडसर एकच, सिन्नरची आत्या. आमच्याकडे तिच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नाही.

"नाशकात गंगापूर रोडवर वाढलेली पोर तिथं जाऊन द्राक्षांला औषध मारील व्हय?" आत्या पुढच्या सीटवर बसता बसता म्हणाली. मागे वंदीचा चेहरा एवढासा झाला.

थोडं पुढे गेल्यावर आत्याला तो लाल दिवा दिसला. "बंड्या, ह्यो दिवा कसला रे?"

"गणपतीचा," मी म्हणालो. (यंत्र म्हटलं असतं तर तिनं किंमत विचारली असती.)

झालं! आत्यानं पदर डोक्यावर घेतला आणि चक्क कौल लावला. "देवा गणराया, हे स्थळ चांगलं असंल तर आवाज दे."

यंत्र गप्प. "नाय म्हणतोय," आत्या म्हणाली. "फिरव गाडी."

"दादा!" वंदीचा आवाज रडवेला झाला.

"देवाला जरा वेळ तर दे, आत्या," असं म्हणत मी गाडी दामटली ती थेट वायनरीसमोर. नेमकी तेव्हाच तिथं पाहुण्यांची बस आलेली. दार उघड-मीट, उघड-मीट! यंत्रानं असा काही टाहो फोडला की अण्णा दचकून म्हणाले, "रडलं!"

"रडंल कशाला? आनंदलाय त्यो!" आत्यानं दोन्ही हात जोडले. "एवढा वरडतोय म्हंजे घाई हाय. आजच सुपारी फोडा!" देव दारूच्या कारखान्यासमोर बोलला याचं तिला काहीच वाटलं नाही. आणि खरंच, दुपारच्या जेवणाआधी सुपारी फुटली.

परतताना आनंदाच्या भरात मी काटा साठावर नेला. गाडी थरथरत होती, आम्ही हसत होतो, आणि झाडामागून शिट्टी वाजली.

"काय साहेब, विमान चालवताय का?" हवालदार खिडकीत वाकला. "आणि हे लाल काय बसवलंय?"

खरं सांगावं, तर फुटलेली सुपारी आत्या पुन्हा जोडून घेणार! मागून वंदीनं माझा शर्ट घट्ट धरला.

"गणपतीचा दिवा," मी पुटपुटलो.

"लय जागृत हाय!" आत्या म्हणाली. "काय बी इचारा. खरं असंल तरच आवाज देतो."

हवालदारानं टोपी काढून हात जोडले. "देवा, हे साहेब सावकाश चालवत होते का?"

यंत्र गप्प.

"थांबा, मी इचारते," आत्या पुढे सरसावली. "देवा, आमच्या बंड्याला थोडी तरी अक्कल हाय का रे?"

हवालदार थांबला. वंदी थांबली. अण्णांनी मागून पुढे वाकून कान दिला. मीसुद्धा आशेनं बघत राहिलो.

"घ्या," हवालदार पावतीपुस्तक काढत म्हणाला. "आता देवापुढं मी काय बोलणार?"

मी मुकाट्यानं सही केली. बहिणीचं ठरलेलं लग्न टिकवायचं तर देवाचा निकाल मान्य करणं भाग होतं. आणि खरं सांगू? ते यंत्र आमच्या गाडीत चार वर्षं होतं, पण अचूक उत्तरं त्यानं दिली ती हवालदारासमोरची तेवढी दोनच!