आईच्या मागची भिंत

माझ्या मोबाईलमध्ये एक लेन्स आहे. म्हणजे तिचं चित्र आहे. खरेदीच्या ॲपवर मी ती टोपलीत टाकून ठेवली, आणि दोन वर्षं झाली तरी ती तिथेच बसून आहे. माणसांचे फोटो काढायची लेन्स ती. पापणीचा केस न् केस दिसावा आणि मागचं सगळं धूसर होऊन लोण्यासारखं वितळावं, ही तिची ख्याती. अंधेरीच्या ऑफिसात डबा खाऊन झाला की मी तिच्यावरचे व्हिडिओ बघत बसते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटतं मी साड्या बघतेय. मीही वाटू देते.

माझा कॅमेरा जुना आहे आणि त्याच्यासोबत खोक्यातून जी साधी लेन्स आली तीच आजवर वापरतेय. काही रविवारी सकाळी आमचा हौशी लोकांचा एक ग्रुप आरे कॉलनीत जमतो. मी बोरिवलीहून जाते. तिथे लोक दुधी भोपळ्याएवढाल्या लेन्स गळ्यात अडकवून पक्षी शोधत असतात आणि मी खाली वाकून, जवळ येईल ते फुलपाखरू टिपते. मला त्यांचा हेवा वाटतो. चांगला घसघशीत हेवा वाटतो. फ्लॅश कसा वापरायचा, चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा, हे सगळं नवी लेन्स आली की शिकायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

आईचा फोटोही त्याच यादीत होता. "माझो एक बरो फोटो काढ गो," असं ती बऱ्याच दिवसांपूर्वी म्हणाली होती. जागाही तिनेच ठरवली होती, बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून असलेली खुर्ची. कशासाठी हवाय ते मी विचारलं नाही. आमच्याकडे तिच्या वयाच्या बायका हे उघड बोलतात: मागाहून भिंतीवर लावायला एक बरा फोटो असलेला बरा. आईला तर त्याचा अनुभव होता. मी कॉलेजात असताना बाबा गेले, तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो सापडला नाही. शेवटी गिरणीच्या जुन्या पासावरचा फोटो मोठा करून घेतला. फोटोवाल्याने आपल्या मनाने त्यांना कोट घातला. पासावरच्या शिक्क्याची अर्धी गोलाई मात्र खांद्यावर तशीच राहिली. जन्मात कोट न घातलेले बाबा तेव्हापासून भिंतीवर जुहूच्या एखाद्या हॉटेलातल्या दरवानासारखे उभे आहेत. असं आईच म्हणते, आणि रोज फडक्याने काच पुसते.

म्हणून मी तिला सांगितलं होतं, लेन्स येऊ दे, मग असा काढते की बघत राहशील. ती मधूनमधून विचारायची, "इली काय तुझी लेन्स?" गावाहून कुणी पाहुणी यायची असावी तशी. नाही म्हटलं की फोटोसाठी काढलेली हिरवी काठाची साडी पुन्हा कपाटात जायची. पण यंदा पावसाळ्यानंतर तिची तब्येत उतरली. एका दुपारी ती त्या साडीवरचा ब्लाऊज उसवून, आत घेऊन शिवत बसलेली दिसली. मला भीती वाटली. मग लाजलज्जा सोडून मी ग्रुपमधल्या एका मित्राकडे तीच लेन्स एका रविवारपुरती मागितली. त्याने ती तान्हं बाळ द्यावं तशी माझ्या हातात दिली आणि दहा सूचना केल्या.

आई ताठ बसली, हात मांडीवर ठेवून. बाल्कनीतून मऊ उजेड येत होता. कॅमेऱ्यातून बघितलं आणि मी हरखूनच गेले. तिचे पांढरे केस, नाकाजवळचा तीळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं कसं स्वच्छ, आणि मागची आमची कळकट भिंत जणू नव्हतीच. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. ग्रुपवर टाकल्या टाकल्या सगळ्यांचं झकास, झकास सुरू झालं.

लॅपटॉपवर आईला दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि तिच्या डोक्याच्या वर दिसणाऱ्या एका तपकिरी डागावर बोट ठेवलं.

"फोटो बरो इलो. पण तुझे बाबा खंय गेले?"

मी तिला समजावलं, की हाच तर त्या लेन्सचा गुण, लोक याच्यासाठी जीव टाकतात. तिने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं, की त्या दोघांचा मिळून एकही फोटो नाही. लग्नातले होते ते गावच्या ट्रंकेत वाळवीने खाल्ले. पुढे कुठल्याही कार्यात फोटोची वेळ आली की बाबा नेमके गिरणीत पाळीवर असायचे. ती खुर्ची तिने बाबांच्या फोटोखाली आहे म्हणून निवडली होती.

लेन्स मी त्याच संध्याकाळी परत केली आणि पुढच्या रविवारी माझी जुनी लेन्स लावली. शिकले होते त्याच्या अगदी उलट सगळं करायचं होतं. मागचंही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र पार बारीक केलं. तेवढ्याने उजेड पुरेना, तेव्हा कॅमेरा तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि आईला हलू नकोस म्हटलं. आता कोट दिसला, शिक्का दिसला, पण बाल्कनीचा उजेड काचेवरून बाबांच्या तोंडावर सांडला. पडदा ओढला. तोंड मोकळं झालं, तर कोटावर मीच उमटले, पिवळा कुडता घालून, कॅमेऱ्यामागे वाकलेली. इकडे सरकले की उजेड यायचा, तिकडे सरकले की आईच्या डोक्याआड बाबा जायचे. आईची पाठ अवघडली. मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, चमक मारायला एक फिल्टर मिळतो. तोही टोपलीत टाकला.

त्यातल्या त्यात बरा होता तो फोटो आईला दाखवला. म्हटलं, ही मधे मी आलेय तेवढी कॉम्प्युटरवर पुसून टाकते. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. स्वतःकडे तिने बघितलंच नाही. आधी बाबांना बघितलं, मग कोटावरच्या त्या पिवळ्या ठिपक्याला.

"रवांदे, पुसू नको," ती म्हणाली. "तिघांचो तरी खंय असा?"

मी आठवून बघितलं. नव्हता.

फिल्टर मी टोपलीतून काढून टाकला. लेन्स अजून तिथेच आहे. फोटो मात्र आईने मागाहूनसाठी ठेवला नाही. तिच्या पलंगासमोर खिळा ठोकून घेतला आणि लावलासुद्धा. आता सकाळी तिच्याकडे दोन काचा असतात पुसायला.