अकरा सेंटिमीटर पाणी

आमचा कारखाना तलासरीकडे, हायवेपासून थोडा आत. बॉयलरचं फर्नेस ऑइल तिथे जमिनीत पुरलेल्या टाकीत असतं. रोज सकाळी आठ वाजता टाकीत पट्टी सोडून तेलाची पातळी मोजायची, हे स्टोअरकीपर म्हणून माझं काम. बारा वर्षांत माझा आकडा चुकला नाही, असं मी न विचारताही लोकांना सांगत असे.

भर पावसाळ्यात बॉयलरवाला म्हणाला, "साहेब, आग खोकते. तेलात पाणी हाय."

"पातळी बरोबर आहे."

"पातळी असंल बरोबर. तेल बरोबर नाय."

पाणी लागलं की लाल होणारी एक पेस्ट मिळते. ती पट्टीच्या टोकाला फासून पट्टी तळापर्यंत सोडली. अकरा सेंटिमीटर लाल. म्हणजे तळाशी तेवढं पाणी, आणि एकूण पातळी मात्र खर्चाशी तंतोतंत जुळणारी. दूधवाल्याची युक्ती कोणाला ठाऊक नाही? काढायचं तेवढं, आणि तेवढंच पाणी ओतायचं.

झाकणाच्या कुलपाला किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक बॉयलरवाल्याकडे. मग तक्रार त्यानेच का केली? यालाही माझ्याकडे उत्तर तयार होतं: आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. मी हे मॅनेजरना सांगितलं. ते तडक गेटवर गेले आणि सकाळची पाळी आत येत असताना सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "चोर लोकांना इथे जागा नाय. चौकशी होईपर्यंत घरी बस." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी पुसत होतो.

घरी बायकोला सगळा हिशोब समजावला. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "किल्ल्या दोन ना? मग तुमच्या किल्लीवर कोणी संशय घेतला का?" मला तिचा राग आला.

शनिवारी संध्याकाळी मी टाकीला नवं कुलूप लावलं, त्यावर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवली. रविवारी कारखाना बंद. सोमवारी कागद शाबूत, किल्ली माझ्या खिशात, पातळी जिथल्या तिथे. पण लाल खूण चौदा सेंटिमीटरवर. मी वॉचमनला अर्धा तास उलटसुलट विचारलं. शेवटी तो वैतागला. "मग मीच पितो साहेब तुमचं तेल. वास घ्या तोंडाचा."

त्याच दुपारी कंपाउंडमागे राहणारी म्हातारी पाण्याची कळशी घेऊन गेटवर आली. चार दिवसांपासून विहिरीला घासलेटासारखा वास येतो, म्हणाली. आदल्या दिवशीही ती आली होती; वॉचमनने परत पाठवलं होतं. कळशीत डोकावलो तर पाण्यावर तवंग. मला वाटलं, सापडलं! चोरलेल्या तेलाची पिंपं हिच्याकडेच लपवलीत आणि त्यातलं एक सांडलंय.

तिच्यामागून गेलो. झोपडीत, गोठ्यात, पेंढ्याच्या उडवीमागेही पाहिलं. ती नुसती उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "झालं? आता हीर बघ."

विहिरीच्या दगडांमधून एका बाजूने काळे ओघळ उतरत होते. ती बाजू आमच्या भिंतीकडची. टाकीपासून मी पावलं मोजली: ब्याण्णव. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात चोरीचं तेल कोण ओतेल? एवढा साधा प्रश्न मला ब्याण्णव पावलं चालल्यावर पडला.

टाकीच्या कडेला खणलं. चार फुटांवर खड्डा पाण्याने भरला आणि वर काळी साय धरली. टाकी रिकामी केल्यावर जोडाजवळ उभी चीर दिसली. पावसाने जमिनीतलं पाणी वर आलं होतं. चिरेच्या खालच्या अंगाने ते जड पाणी आत शिरे, वरच्या अंगाने हलकं तेल बाहेर जाई. जितकं तेल जाई, तितकंच पाणी येई. म्हणून माझा आकडा रोज बरोबर होता.

प्रदूषण मंडळाला कळवलं. म्हातारीला कंपनीकडून टँकरने पाणी सुरू झालं. तिच्या विहिरीकडे जाणारं तेल अडवायला मधे चर खणायचा होता, आणि जुने पाइप जमिनीत कुठून गेलेत हे फक्त बॉयलरवाल्याला माहीत होतं. मॅनेजर म्हणाले, "बोलावून घ्या. झालं ते झालं."

मोटरसायकलवरून त्याच्या पाड्यावर गेलो. तो गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत होता.

"या साहेब. घर उघडंच हाय, झडती घ्या."

"टाकी फुटली होती," मी म्हणालो.

"मी सांगितलं तवा नाय पटलं?"

"चूक झाली. उद्या ये."

त्याने हातातली रोपांची मूठ लावून संपवली. "चोर म्हणाले ते गेटवर, सगळ्यांसमोर. तुम्ही माफी मागता हितं, बेडकांसमोर?"

त्याची बायको बांधावर फिदीफिदी हसली. मी बांधावरच उभा राहून गेटवर माफी मागायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी गेटवर थांबलो. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले नाहीत. साठेक माणसं असतील. मी म्हणालो, "टाकीला चीर होती. तेल कोणी चोरलं नाही. मी या माणसावर खोटा आळ घेतला."

तो भिंतीला टेकून ऐकत होता. म्हणाला, "मागच्यांना ऐकू नाय आलं."

मी पुन्हा बोललो, मोठ्याने. मग त्याने चपला काढल्या, भाताच्या तुसाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि तेल टिपायला खड्ड्यात उतरला. दुसरं पोतं मी उचललं. ते घेण्यासाठी त्याने हात पुढे केला नाही. मी ते काठावर ठेवलं आणि खाली उतरलो.